पहिल्या स्लॅबनंतर कॉन्ट्रॅक्टरने साडेसात लाखांचं एक्स्ट्रा बिल काढलंय, वर जीएसटी वेगळा. काय करावं?

ऐरोलीचा_पोरगा

नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितोय पण वाचा, कारण घरात सध्या याच्यावरून रोज वाजतंय.

ऐरोलीत आमचं सिडकोचं जुनं रो-हाउस होतं, बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपनीत होते तेव्हा घेतलेलं. गळती, प्लास्टरचे पोपडे, सळ्या बाहेर, सगळं करून झालं, शेवटी पाडून नवीन बांधायचं ठरलं. ग्राउंड प्लस वन. आर्किटेक्ट आहे, महापालिकेची परवानगी आहे, सीसी म्हणजे काम सुरू करायचा दाखला हातात आहे, तेव्हा त्या विषयावर कृपया कुणी घसरू नका. बिल्डर म्हणजे कॉन्ट्रॅक्टरच, बाबांच्या गावाकडचा, सातारा साइडचा. घणसोली-कोपरखैरणेत बरीच कामं केलीत त्याने. दर ठरला मटेरियलसहित २,२०० रुपये फूट, एरिया १,४५० म्हणजे ३१ लाख ९० हजार. पाचशेच्या स्टॅम्पवर दोन पानी करार.

आता खालचा स्लॅब भरून झाला. आत्तापर्यंत १४ लाख दिलेत. आणि परवा व्हॉट्सॲपवर एका वहीच्या पानाचा फोटो आला, त्यात असं (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट):

जादा खोदाई ३५ ब्रास आणि पाणी उपसा - १,१५,०००
प्लिंथ (जोतं) दीड फूट वाढवली, मुरूम भराव - ८५,०००
स्टील दरफरक १२ टन, किलोला ८ रुपये - ९६,०००
अंडरग्राउंड पाण्याची टाकी - १,१०,०००
एरिया वाढ १६० फूट - ३,५२,०००

एकूण ७ लाख ५८ हजार. खाली "जी.एस.टी. वेगळा". फोन करून विचारलं तर म्हणतो हो, सगळ्यावर १८ टक्के, म्हणजे अजून ७ लाखांच्या वर! ३२ चं घर सेहेचाळीस-सत्तेचाळीसवर चाललंय. वर म्हणतो यातले ३ लाख आत्ता द्या नाहीतर वरच्या मजल्याचं सेंटरिंग (स्लॅबखालचा साचा) लावत नाही, माणसं दुसऱ्या साइटवर नेतो. पाऊस तोंडावर आलाय, कॉलमच्या सळ्या उघड्या आहेत.

बाबा म्हणतात आपला माणूस आहे, बसून मिटवू, कागद-बिगद काढू नको. माझं डोकं फिरलंय. यातलं खरं किती आणि खोटं किती हे कसं ओळखायचं? आणि तक्रार करायची झाली तर कुठे?


घोडबंदर_रोडवासी

सरळ महारेरात टाका तक्रार, अजिबात सोडू नका. ही जमातच अशी. आमच्याकडे कासारवडवलीला टॉवरमध्ये पझेशनच्या पत्रासोबत चार्जेसची एवढी मोठी यादी आली, लीगल, सोसायटी फॉर्मेशन, मीटर, क्लब हाउस, दोन वर्षांचा मेंटेनन्स ॲडव्हान्स आणि त्यात एक "इन्फ्रास्ट्रक्चर चार्जेस" म्हणून साडेतीन लाख, जे ॲग्रीमेंटमध्ये कुठेच नाही. विचारलं तर सेल्सची पोरगी गोड हसून म्हणते सर सगळ्यांनीच भरलेत. ट्रॅफिकमध्ये दोन तास घालवून तिथे पोचायचं आणि हे ऐकायचं.


काळा_कोट

महारेरा इथे लागू नाही हो. रेरा हा बिल्डर आणि त्याच्याकडून फ्लॅट घेणारा यांच्यातला कायदा. प्लॉट तुमचा, घर तुमचं, समोरचा फक्त बांधून देतोय, यात विक्रीच नाही, त्यामुळे तिथे तक्रार दाखलच होणार नाही, उगाच वेळ जाईल. ऐरोलीकरांसाठी जागा म्हणजे ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये "सेवा" या शब्दाच्या व्याख्येतच घरबांधणी आहे. तुमचा व्यवहार ५० लाखांच्या आत आहे म्हणजे जिल्हा आयोग, आणि २०१९ च्या कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन टाकता येते. मुदत २ वर्षं. त्याच्या आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून नोंद केली तर कधीकधी नुसत्या त्या मेसेजने समोरचा सरळ होतो, पण गाववाल्यावर चालेल की नाही सांगता येत नाही.

मात्र एक गोष्ट आधीच ऐका, कारण इथे सगळे "एक रुपया देऊ नका" म्हणतील. लेखी परवानगी नव्हती म्हणून एक्स्ट्रा कामाचे पैसे शून्य, असं कायदा म्हणत नाही. भारतीय करार कायद्याचं कलम ७० आहे, समोरच्याने फुकट करायच्या इराद्याने न केलेलं काम तुम्ही वापरलंत, त्याचा फायदा घेतलात, तर त्याचा वाजवी मोबदला द्यावा लागतो. वाजवी, म्हणजे त्याने वहीच्या पानावर लिहिला तो नव्हे. तेव्हा तुमचं भांडण "द्यायचे की नाही" यापेक्षा "किती काम झालं आणि कुणी सांगितलं" यावर ठेवा, तिथे तुम्ही भक्कम असाल.

करारात "एक्स्ट्रा काम" बद्दल जे वाक्य असेल ते जसंच्या तसं इथे टाका. आणि व्हॉट्सॲपवर त्याच्या त्या फोटोला अंगठा-बिंगठा दाखवला नाहीत ना? तिथे आता फक्त एवढंच लिहा: बिल मिळालं, मान्य नाही, मोजमाप करून बोलू. चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका. कोर्टात ते चॅट साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या सर्टिफिकेटसकट द्यावं लागतं.

घोडबंदरवाल्यांनो, तुमचं मात्र रेरात येतं. राज्याच्या नमुना करारात किंमत वाढणार नाही असं कलम आहे, अपवाद फक्त सरकार किंवा पालिकेने वाढवलेल्या चार्जेसचा, आणि तेव्हाही त्या आदेशाची प्रत मागणीपत्राला जोडावी लागते. शेअर मनी, सोसायटी नोंदणी, पाणी-विजेचं डिपॉझिट, मेंटेनन्स, लीगल हे करारात आकड्यासकट लिहिलेलं असेल तर द्यावं लागतं. बिननावाचे साडेतीन लाख? लेखी विचारा कुठल्या कलमाखाली. बाकी वेगळा धागा काढा.


बीम_कॉलम

साइट इंजिनियर आहे, ठाण्यात, बारा भानगडी बघितल्यात. एकेक आयटम घेऊ, पण काही गोष्टी तुम्हाला साइटवर जाऊन टेपने मोजाव्या लागतील.

आधी स्टील, कारण ते सगळ्यात विनोदी आहे. दोन मजली साध्या घराला फुटाला साडेतीन ते साडेचार किलो स्टील लागतं. भरावाची जमीन म्हणून जाड धरा, पाच किलो धरा. १,४५० गुणिले ५ म्हणजे सव्वासात टन, तेही पूर्ण घराला. तुमचा एकच स्लॅब झालाय. म्हणजे आत्तापर्यंत साइटवर फार तर तीन-साडेतीन टन आलं असेल. आणि हा १२ टनांचा दरफरक मागतोय! १,४५० फुटांत १२ टन घालायचे म्हटलं तर काँक्रीटला जागा कुठे ठेवणार. चलनं मागा, वजनकाट्याची पावती मागा. स्वतः ताळा करायचा असेल तर सोपं आहे, सळईचा व्यास एमएममध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा, मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ एमएमची १२ मीटरची पूर्ण सळई साधारण १०.६ किलो. आरसीसी ड्रॉइंगमध्ये सळ्यांचं शेड्यूल असतं, त्यावरून एका संध्याकाळी हिशेब होतो. पण मुळात मटेरियलसहित फिक्स दर आहे, दरवाढीचं कलम नसेल तर भाव वाढला काय आणि पडला काय, तो त्याचा धंदा. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ ला २८ वरून १८ वर आला तेव्हा कुठल्या कॉन्ट्रॅक्टरने मालकाला फरक परत दिला? मी तरी बघितला नाही.

खोदाई. करारात किती फूट धरली होती आणि गेली किती? समजा ५ ठरली आणि ८ गेली. तुमच्या साइजच्या घराला १२ कॉलम असतील असं धरतो, खड्डा ५ बाय ५. जादा खोली ३ फूट. १२ गुणिले ५ गुणिले ५ गुणिले ३, ९०० घनफूट, म्हणजे ९ ब्रास. तो म्हणतो ३५. आता ऐरोलीत खाडीच्या बाजूला भरावाखाली चिखलमाती लागते, कडा ढासळतात, खड्डा वरून रुंद घ्यावा लागतो, हे खरं आहे, म्हणून दुप्पट धरा, १८. पस्तीस तर पूर्ण प्लॉट खोदला तरच. खोदताना फोटो काढलेत का? आणि मुख्य म्हणजे फूटिंग कुठल्या खोलीवर बसवायचं हे आरसीसी कन्सल्टंट, म्हणजे सळ्या-काँक्रीटचं डिझाइन करणारा इंजिनियर, ठरवतो, त्याने तळ बघून ओके दिल्याचं साइट व्हिजिटचं टिपण असतं. ते काढा, त्यात खोली लिहिलेली असेल. पाणी उपशाचं मात्र खरं असेल, भरतीच्या वेळी त्या पट्ट्यात खड्डे भरतात. पण पंप किती तास चालला याची नोंद आणि डिझेलची बिलं दाखवायला लावा.

प्लिंथ कुणी वाढवायला सांगितली? तुम्ही सांगितली असेल तर गुपचूप द्या. ७०० फुटांचा मजला धरला तर दीड फुटाला साडेदहा ब्रास, मुरूम दाबल्यावर बसतो म्हणून १३ ब्रासपर्यंत, शिवाय बाजूचं बांधकाम. ८५ हजार थोडे चढे आहेत पण वेडेवाकडे नाहीत.

एरिया वाढ ही खरी मेख. १६० फूट आले कुठून? छज्जे आणि जिन्याची टोपी (गच्चीवर जिन्यावर येणारी खोली) धरली असणार, माझा अंदाज. मोजून सांगा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ३२ लाखांच्या कामात खालच्या स्लॅबपर्यंत माझ्या अंदाजाने ३० ते ३५ टक्के काम होतं. तुमचे १४ लाख म्हणजे ४४ टक्के गेलेत. म्हणजे पैसे तुमचे अडकलेत, त्याचे नाही. पुढचा रुपया देण्याआधी हे डोक्यात ठेवा. लोन असेल तर बँकेच्या इंजिनियरचा प्रोग्रेस रिपोर्ट मागून घ्या, तो तिसऱ्या माणसाचा कागद असतो, बोलताना वजन पडतं.


सेंटरिंगवाला

इंजिनियर साहेब तुमचा हिशेब बरोबर आहे पण दुसरी बाजू पण लिहा की राव. मी स्वतः दिव्याला आणि कळव्याला छोटी कामं घेतो. २,२०० मध्ये मटेरियलसकट आज काय उरतं? मालक चार कॉन्ट्रॅक्टरकडून भाव घेतो आणि सगळ्यात कमीवाल्याला काम देतो, कमीवाला ते घेतो कारण त्याला माहिती असतं की पुढे एक्स्ट्रा निघणार. २,५०० खरा भाव सांगणारा माणूस घरी बसतो. आणि मालक लोक तरी काय कमी असतात का, आज सांगतात खिडकी इकडे घे, उद्या काकू येऊन सांगतात किचनचा ओटा फिरवा, देवघर ईशान्येला पाहिजे, आणि हे सगळं "एवढं तर करालच ना" म्हणून. भिंत पाडून परत उभी करायला मिस्त्री, दोन बिगारी, दिवस गेला, त्याचे पैसे कुणी द्यायचे. लेबर गणपतीला गेलं की यायचं नाव नाही, शिमग्याला गेलं की नाही.

तरी पण १२ टन जरा जास्तच झाले हे मी पण म्हणतो. 😄

काम बंद पाडायची धमकी बहुतेक वेळा नुसती धमकी असते, कारण त्याचं सेंटरिंगचं सामान, प्लेटा, जॅक तुमच्याच साइटवर आहेत ना? ते उचलले तर समजा खरंच चाललाय. सामान तिथेच असेल तर घाबरू नका. आणि भांडण काही असो, उघड्या सळ्यांना सिमेंटचं पाणी जाडसर करून मारून घ्या, प्लास्टिक बांधून ठेवू नका नुसतं, आत घाम धरून जास्त गंजतात.


ऐरोलीचा_पोरगा

सगळ्यांचे आभार, खरंच एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

करारातलं वाक्य जसंच्या तसं: "मंजूर नकाशाप्रमाणे ग्राउंड प्लस वन घराचे पूर्ण बांधकाम मटेरियलसहित, दर रु. २,२००/- प्रति चौ. फूट बिल्टअप. ॲडिशनल काम असल्यास त्याचा दर वेगळा राहील." संपलं. खोदाईची खोली, दरवाढ, जीएसटी, काही नाही.

प्लिंथ बाबांनीच वाढवायला सांगितली. गल्लीचा रस्ता काँक्रीटचा होऊन वर आलाय, जोराच्या पावसात पाणी उंबऱ्याला लागायचं. ते मी देणारच.

काल साइटवर टेप घेऊन गेलो, सोबत माझा मेहुणा. कॉलम १२ च आहेत. छज्जे दीड फुटाचे, सगळ्या बाजूंचे मिळून ६० फूट लांब, म्हणजे ९० चौरस फूट. आणि वर गच्चीवर जिन्याची टोपी ७० फुटांची येणार आहे. ९० आणि ७०, बरोबर १६०! टोपी अजून बांधलेलीसुद्धा नाही. मुकादमाला विचारलं खड्डे किती खोल गेले, तो बिचारा साधा माणूस, स्लॅबच्या बाहेर आलेल्या कॉलमला हात लावून म्हणाला, मी खड्ड्यात उभा होतो साहेब, माझं डोकं दिसत नव्हतं आणि अजून एवढं वर होतं. म्हणजे सात-आठ फूट असणार. आरसीसी कन्सल्टंटचं टिपण आर्किटेक्टकडे आहे, उद्या मिळेल.

अंगठा मी नाही दाखवला पण आईने त्या फोटोखाली नमस्काराचे हात टाकलेत, तिचा फॅमिली ग्रुप वाटला म्हणे. ते चालेल का वकीलसाहेब?


काळा_कोट

नमस्काराच्या हातांनी साडेसात लाख मंजूर होत नाहीत 😀 पण त्याच चॅटवर आजच "मान्य नाही" लिहा.

तुमच्या करारात सोनं आहे ते म्हणजे "मंजूर नकाशाप्रमाणे" आणि "पूर्ण" हे दोन शब्द. मंजूर नकाशात पाण्याची टाकी दाखवलेली असते बहुतेक वेळा. असेल तर टाकी ॲडिशनल कशी? ती मूळ कामातच. तसंच जिन्याच्या टोपीचं, नकाशात असेल तर काम त्यालाच करायचंय, प्रश्न फक्त तिचे फूट १,४५० मध्ये धरलेत की नाही एवढाच. आर्किटेक्टकडून नकाशावरचं एरिया स्टेटमेंट घ्या.

"दर वेगळा राहील" याचा अर्थ दर दोघांनी ठरवायचा, एकट्याने वहीत लिहायचा नाही.


हिशेबनीस_वाशी

जीएसटीचं मी सांगतो, बाकी मला कळत नाही.

मटेरियलसहित काम म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, दर १८ टक्के, हे बरोबर. पण घ्यायचा अधिकार कुणाला? ज्याचं रजिस्ट्रेशन आहे त्यालाच. त्याच्याकडून १५ अंकी जीएसटी नंबर मागा, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करता टाकून बघता येतं नंबर चालू आहे की रद्द. आणि तिथेच बघा रेग्युलर आहे की कंपोझिशन (छोट्या धंद्यांसाठीची सोपी योजना). कंपोझिशनवाला असेल तर तो ग्राहकाकडून वेगळा कर घेऊच शकत नाही. नंबरच नसेल तर "जीएसटी" या नावाने एक रुपया घेणं कायद्याने बंद आहे. नंबर खरा असेल तर मग पक्कं टॅक्स इन्व्हॉइस मागा, वहीच्या पानावर जीएसटी नसतो. मागितलंत की दहातले आठ जण म्हणतात राहू द्या साहेब.

नुसत्या मजुरीचा करार असता, म्हणजे माल तुम्ही आणायचा आणि त्याची फक्त लेबर, तर स्वतःच्या एका घरासाठी त्यावर जीएसटी माफ आहे. पुढच्या वेळी कुणी बांधणार असेल तर हा विचार करा, पण मग सिमेंटच्या गोण्या मोजत तुम्हालाच उभं राहावं लागेल.

आणखी एक, परवानगीच्या वेळी पालिकेत विकास शुल्क आणि, लागू असेल तर, कामगार उपकर भरलेला असतो. त्या पावत्या जपून ठेवा. हेच पैसे "पालिकेचे चार्जेस" म्हणून शेवटच्या बिलात परत आलेले मी बघितलेत.


नेरुळ_ताई

तुम्ही सगळे कायदा आणि टन-ब्रास सांगताय ते बरोबरच आहे पण या मुलाचा खरा प्रॉब्लेम त्याचे बाबा आहेत, आणि तो कुठल्या आयोगात सुटत नाही. आमच्याकडे सेम टू सेम, सासऱ्यांच्या मावसभावाचा जावई कॉन्ट्रॅक्टर. काही बोललं की "सोयऱ्यात कागद आणायचे नाहीत". शेवटी सासूबाईंनी तोडगा काढला. त्या म्हणाल्या कागद नको ना, मग वही ठेवू, किराणाची असते तशी. साइटवरच्या लोखंडी पेटीत एक लांब रजिस्टर ठेवलं. डावीकडे काय बदल, मध्ये दर आणि माप, उजवीकडे दोघांच्या सह्या, आणि सही झाल्याशिवाय त्या कामाला हात लावायचा नाही. सासरे स्वतः रोज चहा घेऊन जायचे आणि सह्या करून यायचे, त्यांना ती स्वतःची जबाबदारी वाटायला लागली. कॉन्ट्रॅक्टरलाही बरं पडलं कारण आमचे दीर परस्पर येऊन काहीबाही सांगायचे ते बंद झालं, त्यांना वही दाखवली की गप्प. शेवटच्या बिलाला भांडण झालंच, नाही असं नाही, पण बाथरूमच्या टाइल्सवरून, लाखांवरून नाही.

त्यामुळे बाबांना विरोध करत बसू नकोस. बैठक त्यांनाच घ्यायला लाव, गाववाला त्यांचा आहे, पण टेबलावर नकाशा, तुझी मापं आणि कन्सल्टंटचं टिपण असू दे. आणि आर्किटेक्टला बोलव. त्याच्यासमोर १२ टन बोलायची कुणाची छाती होत नाही.


बीम_कॉलम

ताईंनी शंभर टक्के बोललात. आर्किटेक्टला फी दिलीय ना, मग बसवा त्याला.

छज्ज्याबद्दल एक राहिलं. बाजारात पद्धती दोन्ही आहेत, कुणी छज्जा अजिबात धरत नाही, कुणी अर्धा धरतो. पूर्ण फुटाने २,२०० लावणं म्हणजे चोरीच, त्याला ना भिंत, ना फरशी, ना दार-खिडकी. टोपीला छत आणि भिंती आहेत पण आतलं फिनिशिंग नाही, तिथे अर्धा दर मागा.


ऐरोलीचा_पोरगा

अपडेट. बैठक झाली आमच्याच भाड्याच्या घरात, बाबा, मी, आर्किटेक्ट, कॉन्ट्रॅक्टर आणि त्याचा मुलगा. सुरुवातीला अर्धा तास नुसतं गावचं, कुणाच्या विहिरीला पाणी आहे आणि कुणाच्या नाही. मग आर्किटेक्टने नकाशा पसरला.

स्टीलचा विषय मी चलनं मागितल्यावर तिथेच संपला. त्याचा मुलगाच म्हणाला पप्पा ते दुसऱ्या साइटचं मिक्स झालं असेल. बरं, झालं असेल. जीएसटी नंबर विचारला तर म्हणाला भावाच्या नावावर आहे, मी म्हटलं करार तर तुमच्या नावावर आहे, तोही विषय गेला. खोदाई कन्सल्टंटच्या टिपणात ८ फूट लिहिलेली निघाली, करारात काहीच नव्हतं तरी आर्किटेक्टने सांगितलं एवढ्या घराला ५ धरतात, त्यावरचं द्या. १८ ब्रास त्याच्याच २,००० च्या दराने ३६ हजार आणि पंपाचे २० हजार. प्लिंथचे ७० वर मिटलं. छज्जा शून्य. टोपी एरिया स्टेटमेंटच्या १,४५० मध्ये खरंच धरलेली नव्हती, म्हणून ७० फुटांना अर्धा दर, ७७ हजार, पण ती बांधून झाल्यावर. सगळं मिळून २ लाख ३ हजार. त्यातले आत्ता द्यायचे फक्त प्लिंथ आणि खोदाईचे, बाकी हप्ते कामाच्या टप्प्याने, आणि ते एका पुरवणी पानावर लिहून दोघांनी सही केली. बाबांनीच पेन पुढे केलं, मी आश्चर्याने बघत राहिलो.

टाकीवर मात्र अडलंय. नकाशात टाकी आहे. तो म्हणतो नकाशात असली तरी कुठलाच कॉन्ट्रॅक्टर फुटाच्या दरात टाकी देत नाही, धंद्याची पद्धत आहे. बाबा मध्येच बोलले की अर्धे देऊ. मी म्हटलं बघू.


सेंटरिंगवाला

टाकीबद्दल तो खोटं बोलत नाहीये, आम्ही पण टाकी, कंपाउंड, सेप्टिक हे फुटात धरत नाही. पण मग करारात तसं लिहायचं असतं, नाही लिहिलं तर त्याचा तोटा. अर्धे दिलेत तर वाईट सौदा नाही, पुढे वरचा मजला आणि प्लास्टर त्याच्याकडूनच काढून घ्यायचंय तुम्हाला.


काळा_कोट

अर्धे द्यायचे तर त्याच पुरवणी पानाखाली लिहून द्या, "टाकीबाबत पूर्ण व अंतिम". आणि यापुढे ॲडिशनल काम दोघांच्या सहीशिवाय नाही, हे वाक्यही तिथेच टाका, म्हणजे नेरुळच्या ताईंच्या वहीला आधार मिळेल.


बीम_कॉलम

टाकीचे पैसे द्या किंवा नका देऊ, पण ती पूर्ण भरून पाणी उतरतं का हे तपासल्याशिवाय बाजूने माती लोटू देऊ नका. तुमच्याकडे उलटंही होतं, टाकी रिकामी असताना बाहेरचं खारं पाणी आत झिरपतं. आतून-बाहेरून दोन्हीकडून वॉटरप्रूफिंग हवं, हे पण पानावर लिहून घ्या. पाऊस सुरू झाला की खड्ड्यात उतरून बघता येणार नाही.


ऐरोलीचा_पोरगा

लिहून घेतो. सळ्यांना सिमेंटचं पाणी आज मारून झालं, सोमवारपासून सेंटरिंग लावतो म्हणालाय. घोडबंदरवाले, तुमच्या साडेतीन लाखांचं काय झालं?


घोडबंदर_रोडवासी

मेल टाकलाय कलम विचारून. अजून उत्तर नाही. आधी दिवसातून दोन फोन यायचे पेमेंटसाठी, ते मात्र बंद झालेत.